संगणकावरचा धंदा आणि आपली मुले



राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजच्या बाजारभावांची यादी लागते. त्या यादीत सोयाबीन काढून पाहा. लातूर, अकोला, वाशीम अशी मोठी नावे वाचता वाचता एक नाव दिसेल : ‘वाशीम – अनसींग’. आपल्या वाशिम–पुसद रस्त्यावरच्या अनसिंगचा उपबाजार तो. आवक किती, कमीत कमी दर किती, जास्तीत जास्त किती, सगळे तिथे लिहिलेले असते. साता समुद्रापलीकडच्या माणसाने मनात आणले तर अनसिंगला सोयाबीन काय भावाने गेले, हे तो घरबसल्या पाहू शकतो.

म्हणजे अनसिंगचा माल इंटरनेटवर गेला, भाव गेला. माणसे कशी गेली? तर बहुतेक गिऱ्हाईक म्हणून गेली. मोबाइलचा रिचार्ज आपण करायचा, कपडे आपण मागवायचे, पैसे आपण पाठवायचे. गल्ला मात्र दुसऱ्या कुणाचा. या बाजारात आपलाही एखादा गाळा असावा, असे आता काही मुलांना वाटू लागले आहे. अशा मुलाचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते आणि त्याच्या आजूबाजूला कोण असावे लागते, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

‘स्टार्टअप’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला आहे. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने स्टार्टअप इंडिया योजना सुरू केली, २०१८ मध्ये राज्याने आपले वेगळे धोरण आणले, आणि सरकारदरबारी नोंद झालेल्या अशा उद्योगांत आज महाराष्ट्राचा क्रमांक देशात पहिला लागतो. पण शब्द पोचला की अर्थ पोचतोच असे नाही. कुणी चहाची टपरी टाकली तरी आपण ‘स्टार्टअप’ म्हणू लागलो आहोत. टपरी हा चांगला धंदा आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या दोहोंत फरक आहे. टपरीवर पहिल्या दिवशी शंभर कप खपले तर शंभर कपांचे पैसे संध्याकाळी हाती येतात. स्टार्टअपमध्ये एखादी वस्तू, बहुधा संगणकाचा एखादा कार्यक्रम, दोन-तीन वर्षे खपून एकदाच तयार करायची आणि मग ती हजारांना, लाखांना विकायची असते. सोयाबीन शंभर दिवसांत पदरात पडते. संत्र्याची बाग चार-पाच वर्षे नुसती खाते आणि मग देऊ लागते. स्टार्टअप ही बागेच्या जातीची गोष्ट आहे. त्यातही बागवाल्याला एवढी तरी खात्री असते की, लोक संत्री खातात. इथे तीही नाही. आपण लावले ते झाड लोकांना हवे आहे की नाही, हे लावल्यावरच कळते.

मागे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. मुलगा पुण्याला एका कंपनीत चांगल्या पगारावर. आता तीन मित्र मिळून स्वतःचे काही काढतो म्हणत होता. वडील म्हणाले, “सर, पोट्टं नोकरी सोडतो म्हणते. आता कसं करावं जी?” त्या प्रश्नात सारे काही होते. सहा एकर कोरडवाहू, एका मुलीचे लग्न व्हायचे, आणि घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पहिला पैसा तो हाच. पुण्याच्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांना ‘धाडस’ हा शब्द सोपा जातो. धाडसाची किंमत इकडे घरच्यांनी मोजायची असते. मी त्यांना हो किंवा नाही असे काहीच सांगितले नाही. मुलाला विचारायचे प्रश्न तेवढे सांगितले : घरखर्चाला किती महिन्यांचे पैसे बाजूला काढलेस? तुझी वस्तू पैसे देऊन घेणारा एक तरी माणूस भेटला आहे का? मित्रांशी वाटणी कागदावर झाली आहे का? आणि जमले नाही तर परत नोकरीला कुठल्या दारी जाशील? शेताच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून असला धंदा काढू नये, हे मात्र मी ठासून सांगितले, आणि आजही सांगतो.

आता एक खरी हकीकत ऐका. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर हे दहावीनंतर शाळा सोडलेले गृहस्थ. वडील पुण्याला फिलिप्स कंपनीत कामाला. १९८५ च्या सुमारास कैलासराव कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात महिना चारशे रुपयांवर लागले. पाचेक वर्षे हात बसल्यावर पंधरा हजार रुपये जमवून त्यांनी पुण्याच्या मंगळवार पेठेत स्वतःचे एवढेसे दुकान काढले. तोवर बँकांतून, कचेऱ्यांतून संगणक येऊ लागले होते. ते यंत्र त्यांनी पाहत पाहत शिकून घेतले आणि १९९३ साली संगणक दुरुस्तीची कंपनी काढली. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकायला घातले. स्वतः दहावी, पण कोणती विद्या पुढे लागणार याची नजर पाहा.

त्या काळी संगणकाला विषाणू म्हणून एक रोग जडू लागला होता. फ्लॉपी नावाची चकती एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातली की तिच्याबरोबर रोगही जाई. दुकानात येणाऱ्या संगणकांत तोच तोच बिघाड दिसू लागला. धाकट्या भावाने त्यावर छोटे छोटे कार्यक्रम लिहिले. ते गिऱ्हाइकांच्या उपयोगी पडले, आणि १९९५ च्या आसपास त्यातूनच ‘क्विक हील’ जन्माला आले. पुण्याबाहेर पहिली शाखा नाशिकला, २००३ साली. कंपनीने ‘क्विक हील’ हे नाव घेतले २००७ मध्ये. २०१० मध्ये सिकोया या मोठ्या गुंतवणूकदाराने साठ कोटी रुपये घातले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. पहिल्याच दिवशी भाव खाली बसला, हेही सांगून टाकतो. कारण अशा कथा सांगताना आपण तेवढा भाग गाळतो.

या हकीकतीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, कल्पना दुरुस्तीच्या टेबलावर सापडली. रोज शंभर माणसांची अडचण ज्याच्या समोर येते, त्यालाच कळते की शंभरांची अडचण मुळात एकच आहे. दुसरी गोष्ट वर्षांची. मंगळवार पेठेतल्या दुकानापासून नाशिकच्या शाखेपर्यंत बारा-तेरा वर्षे गेली. दुरुस्तीचा धंदा चालू होता म्हणून घर चालले. माल कसा विकावा, वितरक कसा नेमावा, किंमत काय ठेवावी, हे सांगणारा त्या वाटेवरचा माणूस तेव्हा पुण्यात तरी कितीसा होता? १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली होती, अशी दोन-चार नावे. बाकी ज्याने त्याने आपापली ठेच आपणच खायची.

२००८ पर्यंत पुण्यात हे चित्र पालटू लागले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये व्हेंचर सेंटर निघाले होते. नव्या उद्योगाला जागा आणि प्रयोगशाळा भाड्याने मिळू लागली. २००८ मध्ये नवीन काब्रा आणि अमित परांजपे यांनी ‘पुणेटेक’ सुरू केले; शहरात कोण काय बनवतो आहे आणि कुठे कोणती बैठक आहे, याची खबर तिथे मिळे. त्याच वर्षी ‘पुणे ओपन कॉफी क्लब’ जमला. नाव इंग्रजी असले तरी आत होता आपला पारच. फी नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. एकाने उभे राहून आपण काय बनवले ते दाखवायचे, दुसऱ्यांनी विचारायचे, “हे घेणार कोण?”

तुम्ही म्हणाल, गप्पांनी धंदा होतो का? होत नाही. पण गप्पांतून काय काय मिळते ते पाहा. हिशेब ठेवणारा भरवशाचा माणूस कोण, हे कळते. सेवा देणाऱ्या धंद्याला आपल्या राज्यात सर्वसाधारणपणे वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही आणि निव्वळ माल विकणाऱ्याला ही मर्यादा चाळीस लाखांची आहे, अशा साध्या गोष्टी वकिलाला पैसे न देता समजतात. पहिले गिऱ्हाईक बरेचदा त्याच खोलीत बसलेले असते. आणि “बाबा रे, हे चालणार नाही, मी दोन वर्षे घालवून पाहिले आहे,” असे तोंडावर सांगणारा मित्र भेटतो. तो मित्र लाख रुपयांचा.

याहूनही एक मोठी गोष्ट तिथे आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म तिच्यातच आहे. त्या मंडळींत बुडालेल्या माणसाला बसायला जागा असते. ज्याचा धंदा बसला त्याला दुसरा विचारतो, “माझ्याकडे येतोस का? तुला एवढे तरी कळले आहे.” बुडण्याचा अनुभव तिथे कामाला येतो. आणि आपल्या गावात? बोअर कोरडी गेली तर आपण पावसाला, नशिबाला बोल लावतो, शेतकऱ्याला हसत नाही. पण मुलाने धंदा काढला आणि तो बसला, तर दहा वर्षांनंतरही त्याच्या लग्नाच्या बोलणीत ती गोष्ट निघते. मुले गावात धंदा काढायला धजत नाहीत, याचे कारण वीज आणि नेटवर्क एवढेच नव्हे. अपयश झाकायला शहरात गर्दी असते, गावात ती नसते.

नव्या वस्तूला लोक हसतात ही तर जुनीच रीत. बेळगावात १८८८ मध्ये सायकलचे दुकान घालणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते असे म्हणून लोक तो घेईनात. जवळजवळ दोन वर्षे नांगर पडून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या राजांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर चांगला होता हे खरेच; पण दोन वर्षे न विकल्या गेलेल्या नांगराच्या मालकावर भरवसा ठेवणारे कुणीतरी होते, हेही तितकेच खरे.

पुण्याच्या या मेळाव्यांचे मी फार कौतुक केले. आता त्यांचे एक उणेही सांगतो. तिथली भाषा इंग्रजी. आपल्याकडचा मुलगा हुशार असतो, काम येत असते, पण उभे राहून इंग्रजीत चार वाक्ये बोलायची वेळ आली की मागच्या खुर्चीत सरकतो. बरोबरच्यांच्या वडिलांच्या ओळखी असतात, याच्या वडिलांची ओळख तलाठी आणि सोसायटीच्या सचिवापर्यंत. दार उघडे असते, पण उंबरठा उंच असतो.

तो उंबरठा ओलांडलेला एक तरुण बीड जिल्ह्यातला आहे. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत. दहावी, मग आयटीआय. पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात खोल्या आवरणे, पाणी देणे अशा कामावर ते होते. पगार नऊ हजार. समोर माणसे संगणकावर बसून काम करतात आणि चांगले कमावतात, हे त्यांनी पाहिले, चौकशी केली. पदवीवाचून ते काम मिळायचे नाही असे कळले. पण चित्रांचे, हलत्या चित्रांचे काम असे आहे की तिथे पदवी विचारत नाहीत, हात पाहतात. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात शिक्षण करून त्यांनी ती कला मिळवली, स्वतःची छोटी कंपनी काढली, आणि पुढे कुणालाही निमंत्रणे, जाहिराती, चित्रे तयार करता येतील असा ‘डूग्राफिक्स’ हा संगणकी कार्यक्रम बनवला. करोनाच्या टाळेबंदीत पुणे सोडावे लागले तेव्हा ते गावी आले. गावात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे. डोंगरावर, जिथे नेटवर्क बरे लागत होते तिथे, गुरांच्या गोठ्यात त्यांनी संगणक मांडले आणि गावातल्या मुलांना शिकवून कामाला घेतले.

२०२४ मध्ये ते ‘शार्क टँक’ या दूरदर्शन संचावरच्या कार्यक्रमात आले. तिथे एका गुंतवणूकदाराने दहा टक्के भागासाठी एक कोटी रुपये देऊ केले. गावोगाव चर्चा झाली की, पोराला एक कोटी मिळाले! शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. दहा टक्क्यांचे एक कोटी म्हणजे कंपनीची किंमत दहा कोटी धरली. पण ते एक कोटी मालकाच्या घरात जात नाहीत. कंपनीच्या कामात जातात. ते कर्जही नव्हे. धंदा बुडाला तर पैसे देणाऱ्याचे बुडाले. चालला तर दहावा वाटा कायमचा त्याचा. आणि पैसे देणारा काही धर्मादाय करत नाही. तो दहा ठिकाणी पेरतो, सात-आठ जागी उगवत नाही हे धरूनच चालतो, उरलेल्या एक-दोन जागी भरपूर यावे अशी त्याची इच्छा असते. म्हणून तो मालकाला ‘लवकर वाढ, लवकर वाढ’ असे टोचत राहतो. प्रत्येक धंदा तसा वाढण्याजोगा नसतो. आपल्या पोटापुरता, चार माणसांना काम देणारा, दहा गावांच्या उपयोगी पडणारा संगणकावरचा धंदाही धंदाच आहे. त्याला कुणाचे कोटी लागत नाहीत. दूरदर्शनवर तो दिसत नाही एवढेच.

आता अनसिंगकडे येऊ. काटकरांचे दुरुस्तीचे टेबल आठवा. तसे टेबल आपल्याकडे कुणाचे? माझ्या मते ते सेवा केंद्र चालवणाऱ्याचे. सातबारा, दाखले, पीकविम्याचे अर्ज भरून देणारा हा माणूस आपण फक्त फॉर्मवाला समजतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा जुलैमध्ये केंद्राबाहेर रांगा लागल्या. ती सवलत पुढे २०२५ मध्ये बंद झाली. या प्रत्येक वेळी लोक कुठे अडले, हे त्याला ठाऊक. आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळत नाही. सामाईक खात्यात कोणी अर्ज भरायचा ते कळत नाही. पीक पाहणीचा फोटो शेतातूनच काढावा लागतो आणि नेमके शेतात नेटवर्क नाही. पुण्याच्या उंच इमारतीत बसलेल्या हुशार मुलाला हे कसे कळावे?

पण हा सेवा केंद्रवाला एकटा आहे. विम्याच्या एका अर्जामागे त्याला विमा कंपनीकडून चाळीस रुपये ठरलेले; दर ठरवणारा दुसरा, यंत्रणा दुसऱ्याची. अडचण त्याच्याजवळ आहे, ती सोडवणारा कार्यक्रम लिहिण्याची विद्या नाही. ती विद्या सुट्टीत गावी आलेल्या, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाजवळ आहे. बचतगटाची वही बारा वर्षे चोख ठेवणारी बाई गावात आहे. कोणत्या रकान्यात घोटाळा होतो हे तिला विचारा. कृषी केंद्रवाल्याला उधारीचा हिशेब छळतो. आणि शाळेत संगणक असतो, कुठे कुठे तो कपड्याखाली झाकलेलाही असतो. ही माणसे एकमेकांना रोज भेटतात, रामराम करतात. या विषयावर मात्र एकत्र बसत नाहीत.

शिक्षकांनी मनावर घेतले तर हे अवघड नाही. सोयाबीनची खळी आटोपली, दिवाळीला मुले गावी आली, की एक संध्याकाळ ठरवावी. शाळेची खोली पुरे, सतरंजी पुरे, भाषण नको. वऱ्हाडीत बोलले तर अधिक बरे. धंदा करून बसलेला, म्हणजे ज्याचा धंदा बसला असा, एखादा माणूस मुद्दाम बोलवावा आणि त्याला पुढच्या रांगेत बसवावे. आणि पहिला प्रश्न सेवा केंद्रवाल्याला विचारावा : गेल्या महिन्यात कोणत्या अर्जापाशी सर्वांत जास्त माणसे परत गेली, आणि का?